बसलेल्या माणसाची उंची

३ फेब्रुवारी, सोमवार

नस दबली आहे. हाडांच्या डॉक्टरांनी आज फिल्म दिव्यावर लावून तसं पक्कं सांगितलं. मानेच्या पाचव्या आणि सहाव्या मणक्यांमधली गादी बाहेर आली आहे आणि उजव्या हाताकडे जाणाऱ्या नसेवर टेकली आहे. अंगठ्याला आणि पहिल्या बोटाला मुंग्या येतात त्या त्यामुळे. मागच्या आठवड्यात हातातून कप सुटला तोही त्यामुळेच. बायकोला वाटलं होतं, मी रागानं आपटला.

डॉक्टरांनी मला कडेनं उभं केलं. "कान खांद्याच्या बरोबर वर हवा. तुमचा पुढे निघालाय, गाडी सुटेल की काय म्हणून." दिवसभर लॅपटॉप आणि उरलेला वेळ फोन, हे मी सांगायच्या आधीच त्यांनी कागदावर लिहिलेलं होतं.

सहा आठवडे फिजिओथेरपी. हाताची पकड परत आली तर सुटलो. नाही आली तर १७ मार्चला ऑपरेशनची तारीख ठरवायची. ते गळ्याच्या बाजूनं करतात. मी विचारलं, नंतर टाइप करता येईल ना? म्हणाले, "बहुतेकांना येतं." वीस वर्षं बातम्यांच्या डेस्कवर काढल्यावर 'बहुतेक' या शब्दाची किंमत मला माहीत आहे. दहा बोटांनी टाइप करणं एवढीच माझी मालमत्ता आहे.

रोज थोडं पेननं लिहा, अक्षर बिघडतंय की सुधारतंय ते कळेल, असंही म्हणाले. म्हणून ही वही. आजचं अक्षर वाईट आहे.

बायको म्हणाली, "मी दहा वर्षं सांगत होते, मान वर कर. पण माझ्याकडे फिल्म नव्हती."

५ फेब्रुवारी, बुधवार

फिजिओबाई माझ्या भाचीच्या वयाच्या आहेत आणि मला काका म्हणतात. डेस्कवर मला सगळे सर म्हणतात, हे मी सहज कानावर घालून पाहिलं. उपयोग झाला नाही.

त्यांनी भिंतीला पाठ लावून उभं केलं. टाचा टेकल्या, पाठ टेकली, डोकं टेकेना. मधल्या फटीत त्यांनी आधी बोटं घातली, मग मूठ. "काका, इथून बस जाईल."

व्यायाम असा: हनुवटी मागे ओढायची. वर नाही, खाली नाही, मागे. ड्रॉवर बंद करतो तशी. दुहेरी हनुवटी दिसली की बरोबर. "दिसायला वाईट, पण बघतंय कोण?"

काम कुठे बसून करता, म्हणून विचारलं. सांगितलं, घरून, बाबांच्या खोलीत, टीपॉयवर लॅपटॉप ठेवून. टीपॉय का? तर बाबांना दिसावं म्हणून. शेवटची दोन वर्षं त्यांना ऐकू येत नव्हतं. यंत्र लावायला तयार नव्हते, 'कानात माशी पाळू काय' म्हणायचे. शिंपी माणूस, नजर मात्र शेवटपर्यंत सुईच्या नाकात दोरा ओवणारी. खिडकीशी त्यांची बुटकी खुर्ची असायची. पाय जमिनीला पुरते टेकावेत म्हणून तिचे पाय त्यांनीच करवतीनं कापले होते. त्या खुर्चीच्या उंचीला मी टीपॉय लावला होता. मी बातमी लिहायचो, ते जगाच्या आधी वाचायचे आणि कुठे शिवण सैल आहे ते बोटानं दाखवायचे. मला काही बोलायचं असलं की फोनवर मोठ्या अक्षरांत लिहून खाली धरायचो, नाहीतर वाकून नुसते ओठ हलवायचो. ओठ त्यांना छान वाचता यायचे.

बाबा जूनमध्ये गेले.

"आणि आता?" फिजिओबाई म्हणाल्या.

"आता काय?"

"आता टीपॉय कशाला?"

सवय, म्हणालो. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

उंच टेबल आलं. त्याच खोलीत, भिंतीकडे तोंड करून. लॅपटॉप दोन जाड शब्दकोशांवर चढवला, कीबोर्ड वेगळा. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत. शब्दकोश इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एवढे उपयोगी पडले.

मानेला मागे चिकटवायची एक चकतीही मिळाली आहे. बटणाएवढी. मान ठरलेल्या मर्यादेपलीकडे वाकली की थरथरते. बायकोनं ती नीट बघितली. ती रक्तपेढीत काम करते, कुठलीही नवी वस्तू आधी उलटी करून बघते. म्हणाली, "लग्नात ही मिळाली असती तर माझा किती घसा वाचला असता."

१२ फेब्रुवारी, बुधवार

चकती दिवसभर थरथरते. अंगावर मधमाशी बाळगल्यासारखं वाटतं. डेस्कच्या प्रमुखाला आम्ही घड्याळ म्हणतो, कारण तो नमस्काराच्या जागी वेळ सांगतो. त्यानं फोन केला. "अकरा वीस. तुझी बातमी अजून नाही." मी म्हणालो, मान सरळ ठेवून लिहितोय. तो म्हणाला, "लोक बातमी वाचतात, तुझी मान बघत नाहीत." पण नंतर स्वतःहून माझ्या दोन बातम्या दुसऱ्याकडे दिल्या. त्याच्या दृष्टीनं ही माया झाली.

१६ फेब्रुवारी, रविवार

चार दिवसांत मोठा फरक. कामाच्या वेळात चकती जवळजवळ गप्प. हनुवटी आपोआप मागे जाते.

एक गंमत झाली. संध्याकाळी सहाला पाळी संपली, उठलो, खिडकी लावायला गेलो, तर चकती थरथरली. हातात फोन नव्हता. समोर काही नव्हतं. बॅटरी संपत आली असेल.

१९ फेब्रुवारी, बुधवार

बॅटरी नवीन घातली. तरी खिडकीशी थरथरते. फक्त तिथेच. स्वयंपाकघरात नाही, जिन्यात नाही. वस्तू खराब निघाली म्हणून विकणाऱ्याला फोन केला. त्याचं म्हणणं, ती फक्त मान ओळखते साहेब, खिडकी ओळखत नाही.

दुसरी गोष्ट. सकाळी खोलीत आलो तर लॅपटॉप टीपॉयवर होता. शब्दकोश तिथेच टेबलावर, एकावर एक. पडदा बराच मागे पाडलेला, खिडकीकडे वळवलेला.

बायकोला विचारलं. ती म्हणाली, "त्या खोलीतल्या कशालाही मी हात लावत नाही, तुला माहीत आहे."

माहीत आहे. जूनपासून ती तिथे केर काढायलाही जात नाही. केर मी काढतो. मीच ठेवला असणार. माणूस थकला की हात जुन्या वळणानं चालतात.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज बायकोशी थोडं वाजलं.

ती कामावरून लवकर आली होती. दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती म्हणे. मी वळलो तेव्हा तिच्या खांद्यावरची पिशवी तशीच होती.

"कोणाशी बोलत होतास?"

"फोनवर."

"फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला आहे. मी आत्ता बघितला."

मग म्हटलं, स्वतःशी. बातमीचा मथळा जुळवत होतो.

"आवाज नव्हता. नुसते ओठ हलत होते." थोडं थांबून म्हणाली, "आणि मधे थांबत होतास. समोरच्याला बोलू द्यावं तसा."

मी म्हणालो, मथळा असाच जुळतो. ती हसली नाही. बाबांची खुर्ची तिनंच भंगारवाल्याला दिली होती, ऑगस्टमध्ये, मी ऑफिसच्या बैठकीला गेलो असताना. तेव्हा मी काहीच बोललो नव्हतो. आज म्हणाली, "तू तेव्हा भांडायला हवं होतंस. मला बरं वाटलं असतं."

भांडायचं कशाला? खुर्चीच नाही तर भांडण कसलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

दादाचा फोन. तो विमानाच्या अंतरावर राहतो आणि एरवी महिन्यातून एकदा करतो. बायकोनं त्याला काहीतरी सांगितलेलं दिसलं. आधी मानेची चौकशी, मग हवापाणी, मग म्हणाला, "तू त्या खोलीत बसणं सोड ना. हॉलमध्ये बस."

"हॉलमध्ये उजेड नाही."

"उजेड येतो रे. मी त्याच घरात वाढलो."

मी म्हणालो, शेवटची दोन वर्षं तू नव्हतास. हे म्हणायचं नव्हतं. बाबांच्या शेवटच्या आठवड्यात त्याचं तिकीट होतं, कामामुळे पुढे ढकललं, आणि बाबा थांबले नाहीत. त्यात दोष कोणाचा नाही, हे मी त्याला तेव्हाच सांगितलं होतं.

मग म्हणाला, "मी कसा आहे, विचारायचे का रे ते?"

मी सांगितलं, रोज विचारतात.

विचारायचे, असं म्हणायचं होतं.

३ मार्च, सोमवार

फिजिओबाईंकडे तपासणी. भिंतीला उभं केलं, फटीत जेमतेम दोन बोटं. खूश झाल्या. मग पकड मोजायचं यंत्र हातात दिलं. दाबलं. आकडा पहिल्या दिवशीचाच, उलट किंचित खाली. पुन्हा दाबलं, तोच.

"हे कसं काय काका? मान सुधारतेय, नस सुटत नाही." त्यांनी मानेवरून बोटं फिरवली. "दिवसभर तुम्ही नीट असता, हे स्नायू सांगतायत. मग रोज कधीतरी कोणीतरी सगळं परत मोडून ठेवतं. खूप वेळ, एकाच कोनात. संध्याकाळी काय करता?"

"काही नाही. खिडकी लावतो."

"खिडकी लावायला किती वेळ लागतो?"

खरंच आठवत नाही. सहाला उठतो हे नक्की. बायको जेवायला हाक मारते तेव्हा बाहेर अंधार असतो.

शुक्रवारी घरी येऊन बघतो, म्हणाल्या.

७ मार्च, शुक्रवार

आल्या. बायकोही मुद्दाम घरी थांबली होती, पण खोलीच्या उंबऱ्याबाहेर.

फिजिओबाईंनी टेबल बघितलं, पडद्याची उंची मोजली, शब्दकोशांना शाबासकी दिली. मग म्हणाल्या, "आता सहा वाजलेत असं समजा. रोज करता ते करा. मी इथे नाहीच."

मी दिवा मालवला, उठलो, खिडकीशी गेलो. चकती थरथरली.

"थांबा. आहात तसेच थांबा."

मी थांबलो. त्या माझ्या शेजारी उकिडव्या बसल्या आणि माझ्या डोळ्यांपासून हवेत हाताचा तळवा उतरवत नेला, जणू ताणलेल्या दोरीवरून. "फोन बघणाऱ्याची नजर स्वतःच्या हातावर असते. काही पडलं असेल तर जमिनीवर. तुमची इथे येते." तळवा मधेच थांबला. माझ्या कमरेच्याही खाली, जमिनीपासून बराच वर. तिथे हवेत त्यांनी तो क्षणभर धरून ठेवला. मग पटकन मागे घेतला आणि कोटाला पुसला.

दारातून बायको म्हणाली, "तिथेच होती खुर्ची."

मला वाटलं, आता फिजिओबाई मोठ्या डॉक्टरांचं नाव देणार. मनाच्या. त्या उठल्या. मग नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "काका, बसलेल्या माणसाशी उभ्यानं बोलू नये. मान जाते. नर्सना आम्ही हेच शिकवतो. समोर खुर्ची घ्यायची, बसायचं, डोळ्याला डोळा. मान सरळ राहते. मग कितीही वेळ बोला."

"मी कोणाशी बोलत नाही."

"बरं. मग ते न बोलणं बसून करा."

पाणी दिलं, घेतलं नाही. घाई आहे म्हणाल्या. जाताना खिडकीकडून सरळ दाराकडे न येता भिंतीच्या कडेनं वळसा घालून आल्या. खोलीत जागा भरपूर आहे.

१० मार्च, सोमवार

शनिवारी स्वयंपाकघरातली खुर्ची खिडकीशी नेऊन बसलो. बरं वाटलं, पण चकती थरथरायची राहिली नाही. साधी खुर्ची उंच पडते. अजूनही खालीच बघावं लागतं.

म्हणून काल करवत काढली. बाबांचीच, माळ्यावर होती. चारी पायांवर खूण केली. खुणेला खडूही त्यांचाच सापडला, कापडावरच्या रेघांचा, चपटा. उजव्या हातानं करवत धरवेल की नाही अशी शंका होती. हळूहळू, थांबत थांबत, धरवली.

आवाज ऐकून बायको उंबऱ्यापर्यंत आली. तुकडे बघितले, खुर्ची बघितली.

"दुसरी पण?" एवढंच म्हणाली आणि परत गेली.

संध्याकाळी बसलो. चकती गप्प राहिली. पूर्ण वेळ.

१२ मार्च, बुधवार

पकड सुधारली. फिजिओबाईंनी यंत्रावर दोनदा बघून खात्री केली. अंगठ्याच्या मुंग्या गेल्या आहेत, बोटाच्या उरल्या आहेत. "असंच चालू ठेवा," म्हणाल्या आणि लगेच, "म्हणजे बसणं." सोमवारी डॉक्टर बहुधा ऑपरेशनचं नावही काढणार नाहीत, असं त्यांचं मत.

ही बातमी बायकोला आनंदाची वाटायला हवी होती. तिनं माझा हात हातात घेतला, बोटं एकेक दाबून बघितली, रक्त काढायच्या आधी ती लोकांची बघते तशी.

"हात बरा झाला ना?"

"झाला."

"मग आता नको बसूस तिथे."

"बसल्यामुळेच बरा झाला."

"ते मला कळतंय रे," ती म्हणाली. "म्हणूनच भीती वाटते. दुखत होतं तोवर तू कधीतरी उठत तरी होतास."

तिनं दादाला बोलावलं आहे. तिकीट निघालं. रविवारी दुपारी उतरतो. या वेळी पुढे ढकलणार नाही, असं त्यानं तिला शपथेवर सांगितलंय. तो आला की खोली रिकामी करून रंग द्यायचा, असं दोघांचं ठरलं आहे. मला विचारलेलं नाही. मी विरोधही केला नाही.

घड्याळला कळवलं, पुढच्या आठवड्यापासून पूर्ण काम घेतो. "चार दहा," तो म्हणाला. "बरं वाटलं ऐकून."

१५ मार्च, शनिवार

अक्षर आता चांगलं आहे. पहिल्या पानाशी ताडून बघितलं.

समोरासमोर बसल्यावर एक गोष्ट लक्षात आली, ती लिहून ठेवतो. दोन वर्षं उभ्यानं, वाकून, वरून बघत होतो. वरून बघताना कपाळ दिसतं, पापण्या दिसतात. नजर कुठे लागली आहे ते कळत नाही. मला वाटायचं, ओठांवर आहे. माझ्या.

डोळ्याच्या रेषेत आल्यावर कळलं की नाही. नजर माझ्या खांद्यावरून मागे जाते. मी वळून बघितलं. मागे दार आहे. खोलीचं, आणि त्याच रेषेत पुढे घराचं.

बोललेलं नीट पोचत नसे, त्याचं कारण हे असावं. मी मधे यायचो.

काल संध्याकाळी ओठांनी सांगितलं, दादा येतोय, रविवारी. लगेच काही झालं नाही. पण नंतर खिडकी लावायला उठलो आणि थांबलो. उघडीच राहू दिली. गाडीचा आवाज मला ऐकू येईल, आणि रस्ता खिडकीतून दिसतो.

बायको उद्याची तयारी करते आहे. दादाचं अंथरूण हॉलमध्ये घातलं आहे. ती मघाशी उंबऱ्यावर येऊन म्हणाली, "तो आला की आधी चहा होऊ दे. लगेच इकडे आणू नकोस."

मी म्हणालो, मी कशाला आणेन, तो त्याचा येईल. घर त्याचं आहे, वाट माहीत आहे.

ती तिथेच उभी राहिली. मला वाटतं, आज पहिल्यांदाच तिनं खिडकीकडे नीट बघितलं. मग पदरानं हात पुसत म्हणाली, "अहो बाबा, उद्या येतोय तो." आणि गेली. तिला ओठांनी बोलायची सवय नाही, आवाजानंच बोलली.

दादाचं विमान दोनला उतरतं. सामान मिळून, गाडी करून, चारच्या आसपास घरी. घराचं दार मी उघडंच ठेवणार आहे. माझी खुर्ची भिंतीकडे सरकवून ठेवली आहे. तिथून मान थोडी वळवावी लागते, पण फिजिओबाई म्हणतात वळवायला हरकत नाही. आता खिडकीपासून दारापर्यंत मधे काही नाही.